ठाण्यातला ऑक्टोबर

चि. सोनू,


तू पाठवलेले फोटो आणि घरात करायच्या बदलांची यादी नीट बघितली. विटकरी मखमलीचा सोफा, त्यावर टाकलेली जाड विणीची लोकरी शाल, फुलदाणीत खोचलेलं वाळकं गवत आणि टीव्हीमागे खाचाखाचांचं लाकडी पॅनल. चित्र सुरेख आहे. फक्त ते ज्या देशातलं आहे तिथे ऑक्टोबरात पानं गळतात, दिवस आखडतो आणि माणसं ऊब शोधत घरात येतात. ठाण्यात ऑक्टोबर म्हणजे पाऊस गेल्यावर पडणारं टोचरं ऊन, ३४-३५ अंशांवर चढलेला पारा आणि हवेत तशीच राहिलेली ओल. त्या हवेत मखमलीवर बसून बघ, पाठ सुटी करून उठावं लागेल. नव्या ऋतूला घर बदलायची तुझी हौस मला पूर्ण मान्य आहे. ऋतू मात्र तुझ्या खिडकीबाहेरचा धर.

ऋतूप्रमाणे घर बदलणं आपल्याकडे नवीन नाही. पावसाआधी कौलं शाकारायची, पाऊस सरला की अंगण चोपून सारवायचं, वृंदावनाला गेरू लावायचा, नवरात्राआधी अंथरूणपांघरूण उन्हात घालायचं. प्रत्येक बदलाला हवेतलं काहीतरी कारण असायचं आणि त्यातूनच घर देखणंही व्हायचं. तुझ्या यादीतल्या एकेका गोष्टीला हेच विचार: ही ओलीत, उकाड्यात आणि घोडबंदर रस्त्याच्या धुळीत टिकेल का?

सुरुवात भिंतीपासून कर. हॉलची पश्चिमेची भिंत चार महिने पावसाचा मारा खाते. तिथे पोपडे आलेत हे तूच सांगितलंस. प्लास्टिकचा हातभर स्वच्छ तुकडा घे, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसव आणि एक दिवस-रात्र तसाच ठेव. भिंतीकडच्या बाजूला दव साठलं तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला साठलं तर ती हवेतली आहे, पंख्याने आणि उघड्या खिडक्यांनी जाईल. भिंतीतून येत असेल तर सोसायटीला लेखी कळवून बाहेरच्या भेगा बुजवून घे. तोवर आतून कितीही उंची रंग लाव, पुढच्या श्रावणात तो फुगणारच.

मुंबई-ठाण्यातून मोसमी पाऊस सरासरीने ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो आणि भिजलेली भिंत सुकायला त्यानंतरही काही आठवडे जातात. रंगाऱ्याला दिवाळीआधी हातातली सगळी घरं उरकायची असतात, त्यामुळे तो ओल्या भिंतीवरच पुट्टी ओढायला निघतो. तू ओढू देऊ नकोस. ती भिंत डिसेंबरवर ठेव आणि बाकीच्या आता कर. दिवाळीला एक भिंत जुनी दिसली म्हणून कुणी फराळ टाकून जात नाही.

आणि नेमकं तिथेच तुला पॅनल हवंय! सुतार म्हणेल, ‘ताई, ओल झाकून जाईल.’ झाकली जाईल, जाणार नाही. पॅनलमागे हवा खेळत नाही, प्लायवूड ओल धरतं आणि मग वाळवी येते. ती दिसेपर्यंत आतला सांगाडा गेलेला असतो. शिवाय त्या खाचा दर आठवड्याला पुसणार कोण, हेही तुम्ही दोघांनी आधी ठरवा. सध्याच्या सगळ्या फॅशनींत मला ही सर्वांत बिनकामाची वाटते.

रंगाचं म्हणशील तर अमेरिकेतली पँटोन कंपनी २००० पासून दर वर्षाचा एक रंग जाहीर करते. २०२४ साठी पीच फझ म्हणजे फिकट पीच होता, २०२५ साठी मोका मूस नावाचा तपकिरी, २०२६ साठी क्लाउड डान्सर नावाचा पांढरा. तीन वर्षांत तीन रंग! तू भिंत निदान पाचेक वर्षं तरी पुन्हा रंगवणार नाहीस. असल्या रंगांची हौस उशीच्या अभ्र्यांवर भागव, ते पुढच्या वर्षी बदलता येतात. भिंतीसाठी आवडलेल्या दोन-तीन छटांचे छोटे डबे आण, मोठ्या कार्डशीटवर दोन हात मारून ती कागदं भिंतीला टेकवून ठेव आणि सकाळी, दुपारी चारला, रात्री दिव्यात अशी बघ. पश्चिमेच्या तिरप्या उन्हात तपकिरी रंग लालसर आणि जड होतो. दुकानातल्या शेडकार्डाच्या बोटभर चौकोनावर हे कधीच कळत नाही.

लाइमवॉशही तुझ्या यादीत आहे. ती ढगाळ, हाताने फिरवलेली भिंत तुला आवडली याचं मला नवल नाही. आमच्या लहानपणी चुना विझवून, गाळून, त्यात थोडी नीळ घालून घरं पांढरी करत, ती अशीच दिसायची. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते आणि त्यावर बुरशी सहज धरत नाही, म्हणजे तुझ्या हवेला तो खरा योग्य. पण खरा चुना ऑइलपेंटवर बसत नाही, जुना रंग खरवडून गिलावा उघडा करावा लागतो. बाजारात या नावाने मिळणारे काही डबे तर ॲक्रिलिक रंगाचेच असतात, फक्त ब्रशचे फटकारे दिसतील असे. डब्यावरचं वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आता पडदे. यात मी बोलणारच, आयुष्य दुकानात पडदे शिवून घेण्यात गेलं. सध्या लिननची चलती आहे आणि ती योग्य आहे, कारण ते कापड हवा येऊ देतं आणि घाम आणत नाही. पण नुसतं पातळ लिनन पश्चिमेच्या खिडकीला पुरणार नाही. मागे पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर वेगळ्या दांडीवर घे, दुपारी ओढायचं आणि ऊन उतरलं की सारायचं. कापड आणल्यावर आधी एकदा भिजवून वाळव, मग शिवायला दे. न धुतलेलं सुती किंवा लिनन कापड मीटरला तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं आणि पहिल्या धुण्यानंतर पडदा जमिनीपासून वर उचलला जातो. घेर खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट ठेव. कंजूस घेराचा पडदा ओढला की चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. दांडी चौकटीला चिकटून नको, वर छताजवळ आणि दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर लाव. पडदा सारला की पूर्ण काच मोकळी होते, वारा अडत नाही आणि खोली उंच वाटते. खालची दुमड चार इंचाची ठेव, पुढे घर बदललंत तर लांबी वाढवता येईल.

दिव्यांना सर्वांत कमी पैसे लागतात आणि फरक सर्वांत जास्त पडतो. तुझ्या हॉलमध्ये जी पांढरी ट्यूब आहे ती ६५०० केल्विनची असणार, दवाखान्यात असते तशी. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. हॉल आणि बेडरूमला २७०० ते ३००० चे घे, स्वयंपाकघरात ४००० चालेल. एकच दिवा छताच्या मध्यावर न ठेवता एक उभा दिवा कोपऱ्यात आणि एक कपाटावर ठेव. यासाठी फॉल्स सीलिंग करायची काही गरज नाही. तुमचं छत मुळात बुटकं, त्यात आणखी सहा इंच कशाला घालवता?

वेताच्या खुर्च्यांवर तू दोन वेळा बदाम काढलाय! त्या नव्या घेऊ नकोस. दादाच्या माळ्यावर सागवानी खुर्च्या पडून आहेत, फक्त बैठक फाटली आहे. १९५० च्या दशकात वास्तुरचनाकार पिएर जानरे यांनी चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या होत्या. पुढे त्या भंगारात निघाल्या आणि आज परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखांनी किंमत येते. आज दुकानात दिसणाऱ्या बऱ्याच वेताच्या खुर्च्या त्यांच्याच वळणाच्या आहेत. वेत विणणारा कारागीर शोध आणि दादाच्या खुर्च्या विणून घे. पुढे बैठक सैल पडली तर खालच्या बाजूने गरम पाण्याने ओली करून वाऱ्यावर सुकू दे, वेत सुकताना ताणला जातो. पावसाळ्यात मात्र खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवायच्या नाहीत, बुरशी धरते.

खणाचे अभ्रे जरूर कर, पण खणाचा पन्हा लहान असतो, मोठ्या उशीला जोड द्यावा लागेल. तो जोड मधोमध न घेता कडेला काठासारखा घे, मुद्दाम केल्यासारखा दिसतो. गडद खण पहिल्यांदा वेगळा धू, रंग सोडतो. घोंगडी जमिनीवर अंथरायचा विचार चांगला आहे, पण ठाण्यात लोकरीला कसर लागते, तेव्हा ती डिसेंबर-जानेवारीत काढ आणि पाऊस यायच्या आत उन्हं दाखवून कडुलिंबाच्या पाल्यात बांधून ठेव.

वारली चित्राचं प्लास्टिकचं स्टिकर मात्र भिंतीला लावू नकोस. ही कला तुझ्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली. डहाणूकडचा भाग २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात गेला, इतकंच. लग्नघराच्या मातीच्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदा-कापडावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आजही तिथली कितीतरी माणसं यावर पोट भरतात. एकच चित्र घे, छोटं घे, पण ज्याने काढलं त्याची सही असलेलं घे. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटव, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा राहील.

बाटल्यांमधल्या मनीप्लांटचं पाणी दर चार दिवसांनी ओतून टाक. पाऊस संपताना डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांतून नवे डास उडायला लागतात.

सध्या पितृपक्ष आहे. तुझ्या आईला या दिवसांत नवीन काही आणलेलं चालणार नाही, पण पडद्यांची मापं घ्यायला काही आडकाठी नाही आणि दुकानंही रिकामी असतात. खिडक्यांची मापं चौकटीच्या आतून न घेता बाहेरून घे, छतापासून जमिनीपर्यंतची उंची दोन्ही टोकांना वेगवेगळी मोज (जुन्या इमारतीत ती सारखी नसते) आणि सगळं इंचांत लिहून पाठव. घटस्थापनेच्या आत पाठव. एकदा नवरात्र बसलं की आमच्या शिवणाऱ्या बायकांना मान वर करायला फुरसत नसते आणि भाचीची म्हणून तुझी ऑर्डर मी पुढे घेणार नाही.

तुझी,
आत्या