निष्फळ उड्डाणांचा धडा

कोणत्याही नव्या यंत्राचा पहिला नमुना तयार झाला की तो पुन्हा पुन्हा चालवून पाहतात. मोटारीचा नमुना वाटेत बिघडला, तर तो उघडून दोष शोधता येतो. अग्निबाणाच्या बाबतीत ही सोय नसते. घन इंधन एकदा पेटले की ते मध्येच विझवणे जवळजवळ अशक्य असते. सारे उड्डाण काही मिनिटांत आटोपते आणि ते फसले तर यंत्राचे अवशेष समुद्राच्या तळाशी जातात. म्हणून अग्निबाणाचे निरनिराळे भाग आधी जमिनीवर कसून तपासले जातात. पण सर्व भागांनी एकमेकांच्या साथीने आपापले काम करण्याची खरी परीक्षा प्रत्यक्ष उड्डाणातच होते. भारतीय उपग्रह-प्रक्षेपकांच्या प्रारंभीच्या उड्डाणांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

एसएलव्ही-३ हा भारताचा पहिला उपग्रह-प्रक्षेपक. त्याची उंची सुमारे २२ मीटर, वजन सुमारे १७ टन आणि टप्पे चार होते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे या प्रकल्पाचे संचालक होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी सकाळी श्रीहरिकोटा येथून त्याचे पहिले प्रायोगिक उड्डाण झाले. पहिल्या टप्प्याने आपले काम चोख बजावले. दुसरा टप्पा पेटल्यावर मात्र प्रक्षेपकावरचे नियंत्रण सुटले आणि थोड्याच वेळात तो बंगालच्या उपसागरात कोसळला.

प्रक्षेपक हाती राहिला नव्हता. परंतु त्याने वाटेत पाठवलेली माहिती हाती होती. उड्डाण चालू असताना प्रत्येक भागातील दाब, तापमान, वेग आणि झुकाव यांची मापे रेडिओ-संदेशांच्या रूपाने जमिनीवर येत असतात. या पद्धतीला दूरमापन म्हणतात. या नोंदींच्या आधारे तज्ज्ञांनी घटनाक्रम जुळवला. दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत द्रव इंधन आणि नायट्रिक आम्ल एकत्र येऊन जोर निर्माण होणे अपेक्षित होते. उड्डाणापूर्वी काही मिनिटे आम्लाच्या टाकीची एक झडप कचरा अडकल्यामुळे उघडीच राहिली आणि बरेचसे आम्ल गळून गेले. पुढे आकाशात जेव्हा जोराची गरज भासली, तेव्हा केवळ इंधनच बाहेर आले. ज्वलन झाले नाही. एका लहानशा झडपेने अनेक वर्षांच्या परिश्रमांवर पाणी फिरवले.

या प्रसंगाची दुसरी बाजू माणसांच्या वर्तनाची आहे. अपयशानंतर वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींपुढे जाण्याची जबाबदारी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष प्रा. सतीश धवन यांनी स्वतः घेतली, असे डॉ. कलाम यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. या गोष्टीचे महत्त्व केवळ सौजन्यापुरते नाही. जेथे दोष कबूल करणाऱ्याला शिक्षेची भीती वाटते, तेथे दोष झाकला जातो. आणि झाकलेला दोष पुढच्या उड्डाणात पुन्हा डोके वर काढतो. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ चे दुसरे उड्डाण यशस्वी झाले आणि ३५ किलोग्रॅम वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत स्थिरावला. या वेळी धवन यांनी पत्रकारांपुढे कलाम यांना पाठवले.

एका दोषाचे निवारण झाले म्हणजे पुढील वाट निर्वेध होते, असे मात्र नाही. यानंतरच्या एएसएलव्ही या प्रक्षेपकाला दोन बाजूंना दोन जोड-अग्निबाण होते. जमिनीवरून तेच पेटत आणि ते जळून संपण्याच्या सुमारास मधला मुख्य टप्पा आकाशात पेटणे अपेक्षित होते. २४ मार्च १९८७ रोजी हा मुख्य टप्पा पेटलाच नाही. १३ जुलै १९८८ रोजी तो पेटला. परंतु जोड-अग्निबाणांचा जोर ओसरणे आणि मुख्य टप्प्याचा जोर येणे यांच्यामध्ये अल्पसा खंड पडला. त्याच वेळी प्रक्षेपकावर हवेचा ताण फार मोठा होता. त्या काही क्षणांत तो नियंत्रणाबाहेर गेला. म्हणून पुढे मुख्य टप्पा पूर्वनियोजित क्षणी न पेटवता, जोड-अग्निबाणांचा जोर ओसरल्याचे ओळखून पेटवण्याची व्यवस्था करण्यात आली. २० मे १९९२ च्या तिसऱ्या उड्डाणात उपग्रह कक्षेत पोहोचला, पण ती कक्षा अपेक्षेपेक्षा खालची होती. ४ मे १९९४ च्या चौथ्या उड्डाणात उद्दिष्ट साध्य झाले.

याहून कितीतरी मोठ्या पीएसएलव्ही या प्रक्षेपकाचे २० सप्टेंबर १९९३ चे पहिले उड्डाणही फसले. दुसरा टप्पा सुटा होताना प्रक्षेपकाला धक्का बसला आणि संगणकाच्या आज्ञावलीतील एका चुकीमुळे त्याला पुन्हा योग्य दिशेला आणता आले नाही. चुकीची दुरुस्ती होऊन १५ ऑक्टोबर १९९४ रोजी दुसरे उड्डाण यशस्वी झाले. पुढे हाच प्रक्षेपक भारताचा भरवशाचा वाहक ठरला.

या चार अपयशांची तुलना केली असता एक गोष्ट ध्यानात येते. दोष बहुधा प्रचंड जोर निर्माण करणाऱ्या मुख्य भागांत नव्हता. तो किरकोळ वाटणाऱ्या झडपेत होता, किंवा एका टप्प्याने दुसऱ्याच्या हाती काम सोपवण्याच्या क्षणात होता. सुटे सुटे भाग निर्दोष असले, तरी त्यांचा सांधा निर्दोष असेलच असे नाही. म्हणून सांध्याची परीक्षा भागाइतक्याच काटेकोरपणे घ्यावी लागते. फसलेले उड्डाण वाया जाते ते प्रक्षेपक समुद्रात पडल्यामुळे नव्हे. तो का पडला, हे शोधले गेले नाही तरच ते वाया जाते.