गादी सरकली म्हणून महिनाभर पलंगावर?

प्रश्न : वय ४२. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यातली गादी सरकल्याचं निघालं. घरचे म्हणतात, कॅल्शियमच्या गोळ्या घ्या आणि महिनाभर झोपून राहा. गादी भरून येईल का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : घाबरू नका. बहुतेकांचं दुखणं शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत ओसरतं. कॅल्शियम हाडांसाठी असतं. गादी मुख्यतः पाणी आणि कोलॅजनची. तिला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. शेजारच्या मणक्यांतून पोषण झिरपत येतं, त्याला हालचाल लागते. म्हणून विश्रांती फार तर एक-दोन दिवस, मग सपाट रस्त्यावर झेपेल तेवढं चाला. दुचाकी आणि वाकून वजन उचलणं तूर्त टाळा.

गादी भरून आणणारा कुठलाच पदार्थ नाही. आपली ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी उत्तमच. फक्त वरण वाटीभर आणि घट्ट घ्या. वजन जास्त असेल तर उतरवा. खर्रा किंवा सिगारेट असेल तर ती आधी सोडा. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि गादीचं पोषण त्यांच्यावरच अवलंबून. ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं तपासणीशिवाय नकोत.

मात्र लघवी अडली, जांघेत बधिरता आली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर वाट न पाहता त्याच दिवशी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठा.