आय++ : उत्तर नसलेला प्रश्न

ओरल जवळ आली की झेरॉक्सच्या गठ्ठ्यांबरोबर हॉस्टेलवर एक प्रश्न हमखास फिरतो. आय = ५ असताना

प्रिंटएफ("%डी %डी", आय, आय++);

याचं आउटपुट काय? एक जण म्हणतो ‘५ ५’. दुसरा टर्बो सीवर रन करून ‘६ ५’ दाखवतो, कारण तिथे आर्ग्युमेंट्स उजवीकडून मोजली जातात. मग वादावादी! खरं म्हणजे सी भाषेच्या नियमांनुसार या ओळीला ठरलेलं उत्तरच नाही.

गोंधळ होतो तो प्रिसीडन्स आणि ऑर्डर ऑफ इव्हॅल्युएशन या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. एफ() + जी() * एच() यात गुणाकार आधी, हे प्रिसीडन्स सांगतो. पण तीनपैकी कोणतं फंक्शन आधी कॉल होईल, हे तो सांगत नाही. मेसमध्ये वरण भातातच कालवायचं हे ठरलेलं असतं. पण काउंटरवरून आधी वरण आणायचं, भात की भाजी, ते ज्याचं त्याने ठरवावं. तसंच हे. १९८९ च्या आन्सी स्टँडर्डने ही मोकळीक मुद्दाम ठेवली, म्हणजे प्रत्येक मशीनला सोयीचा क्रम कंपायलरला निवडता येतो. याला म्हणतात अनस्पेसिफाइड.

अनडिफाइन्ड याच्या पुढची पायरी. दोन सीक्वेन्स पॉइंट्सच्या मध्ये एकच व्हेरिएबल दोनदा बदललं, किंवा बदललं आणि दुसऱ्याच कामासाठी वाचलंही, तर स्टँडर्ड हात वर करतं. म्हणून आय = आय++ चूक. आय = आय + १ मात्र चालतं, कारण नवी किंमत काढण्यासाठीच जुनी वाचली.

सीक्वेन्स पॉइंट कुठे असतो? पूर्ण एक्स्प्रेशन संपल्यावर, म्हणजे बहुतेक वेळा सेमीकोलनपाशी. शिवाय &&, || आणि ?: यांच्या पहिल्या भागानंतर, आणि कॉमा ऑपरेटरपाशी. म्हणूनच (पी && *पी > ०) सुरक्षित आहे. पण फंक्शनच्या आर्ग्युमेंट्समधला कॉमा हा कॉमा ऑपरेटर नव्हे! तिथेच बरेच जण फसतात. २०११ च्या स्टँडर्डने शब्द बदलले, पण धडा तोच राहिला.

“माझ्या मशीनवर तर बरोबर चालतं,” असं कोणी म्हणेल. पण अनडिफाइन्ड गोष्ट प्रोग्राममध्ये घडणारच नाही, असं कंपायलर धरून चालू शकतो. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या एका नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का, हे नंतर तपासलं होतं. जीसीसीने विचार केला, वापरला म्हणजे नल नसणारच; आणि ती तपासणीच काढून टाकली. त्यातून साध्या युजरला रूटचे अधिकार मिळवण्याची वाट मोकळी झाली. सोर्स कोडमध्ये तपासणी दिसत होती, चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ती नव्हती!

तेव्हा एका ओळीत एकच बदल करा आणि जीसीसी वापरताना ‘-डब्ल्यूऑल’ हा ऑप्शन द्या. अशा बऱ्याच ओळींवर तो वॉर्निंग देतो. ओरलला हा प्रश्न आलाच तर आकडा न सांगता “अनडिफाइन्ड” म्हणा आणि कारण द्या. आणि सर-मॅडमना एक नम्र विनंती: “आउटपुट काय?” याऐवजी “ही ओळ का लिहू नये?” असं विचारलंत, तर पाठांतर कमी होईल आणि सी जास्त समजेल.