रेल्वेतली भेट



रविवारी सकाळी कुठे निघालात, असे शेजाऱ्याने विचारले की आपण पुष्कळदा "जरा काम आहे" म्हणून विषय टाळतो. "मिस्साला चाललो" एवढेही ओठांवर येत नाही. उगाच वाद नको, असे वाटते. पण संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५) विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यायला सांगतो. वाद घालायला नव्हे.

१८९३ च्या सुमारास कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. (आपल्या मलकापूर-शेगाववरून जाणारी हावडा गाडी पुढे तिथूनच जाते.) डब्यातला एक सहप्रवासी आधी त्यांच्याशी संस्कृत काव्यावर मनापासून बोलला. ख्रिस्ताचा विषय नंतर निघाला, आणि नवा करार हाती दिला तो अगदी शेवटी. टिळकांनी तो वाचला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.