इतेनचे भूगोलशिक्षक

शाळेच्या वार्षिक खेळांत जो मुलगा शर्यत जिंकतो त्याच्या नांवानें टाळ्या पडतात. त्यास धांवावयास कोणीं शिकविलें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. मुळांत धांवणें ही शिकविण्याची गोष्ट आहे, हेंच पुष्कळ पालकांस पटत नाहीं. ज्यांचें वृत्त आम्ही येथें देत आहों, त्या ब्रदर कॉल्म ओकॉनेल यांसही, तें काम हातीं येईपर्यंत, त्या विद्येची कांहीं माहिती नव्हती.

विद्यार्थ्यांनीं प्रथम आफ्रिकेचा नकाशा उघडावा. पूर्वेकडील केनिया देशाच्या मधून विषुववृत्त जातें. त्याच्या किंचित् उत्तरेस, जिला भूगोलांत महाखचदरी म्हणतात तिच्या काठावर, इतेन नांवाचें एक लहानसें गांव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें २४०० मीटर. आपल्या कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच आहे, यावरून इतेनची कल्पना यावी. इतक्या उंचीवर हवा विरळ असते व प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायु कमी मिळतो; ती उणीव भरून काढण्यासाठीं शरीर रक्तांतील तांबड्या पेशी वाढवितें. असा मनुष्य सखल प्रदेशांत धांवूं लागला म्हणजे त्यास लवकर दम लागत नाहीं. यावरून कित्येक लोक केनियाच्या धांवपटूंचें सारें यश हवेच्या पदरीं घालतात. आम्हांस हें पटत नाहीं. तशीं उंच गांवें हिमालयांत आहेत, दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांतही आहेत. पण त्या सर्व गांवांतून असे धांवपटू निपजलेले नाहींत.

ब्रदर ओकॉनेल मूळचे आयर्लंडचे. पॅट्रिशियन ब्रदर्स या संघाचे ते सभासद. या संघांत येणारास दारिद्र्यव्रत घ्यावें लागतें. अर्थात् दान करण्यासाठीं पैसा म्हणून त्यांच्यापाशीं नव्हताच. १९७६ सालीं ते इतेन येथील सेंट पॅट्रिक्स हायस्कूल या मुलांच्या शाळेंत भूगोल शिकविण्यास आले. थोडा काळ राहून परत जावें, असा बेत होता. इंग्लंडचे प्रसिद्ध धांवपटू ब्रेंडन फॉस्टर यांचे बंधु त्या वेळीं तेथें शिक्षक असून मुलांस धांवण्याचें शिक्षण देत. ते स्वदेशीं परतले आणि त्यांचें काम आमच्या भूगोलशिक्षकांच्या गळ्यांत पडलें. ना स्वतः धांवपटू, ना या विद्येची कोठें परीक्षा दिलेली! दुसरा कोणी असता तर त्यानें शिट्टी व घड्याळ घेऊन हुकूम सोडण्यास आरंभ केला असता. यांनीं आधीं मुलांकडे नीट पाहिलें. कोण पाय कसा टाकतो, कोणाचे खांदे आंखडतात, थकल्यावर कोण काय करतो, हें मुलांनाच विचारून व पाहून ते शिकले. परत जाण्याचा बेत मागें पडला तो पडलाच.

फळ येण्यास दहा वर्षें लागलीं. याच शाळेचा विद्यार्थी इब्राहिम हुसेन यानें १९८७ सालीं न्यूयॉर्कची व १९८८ सालीं बॉस्टनची मॅरेथॉन जिंकली; दोन्ही ठिकाणीं पहिला येणारा तो पहिलाच आफ्रिकन. त्याच वर्षीं सोल येथील ऑलिंपिक सामन्यांत पीटर रोनो यानें वयाच्या एकविसाव्या वर्षीं १५०० मीटरच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. या दोघांसही धांवण्याच्या बळावर अमेरिकेंत उच्च शिक्षण घेतां आलें. आमच्या मतें गरीब घरच्या बापास पदकापेक्षां हीच गोष्ट मोठी वाटली असेल.

परंतु हे सर्व मुलगेच. केनियाच्या पुरुषांनीं १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदकें मिळविलीं होतीं. स्त्रियांस मात्र पहिलें पदक १९९६ सालीं व पहिलें सुवर्णपदक २००८ सालीं मिळालें. मधलीं चाळीस वर्षें मुलींच्या पायांत बळ नव्हतें असें नाहीं. पाणी, सरपण, धाकटीं भावंडें, आणि शाळा सुटतांच लग्न. मग धांवावें केव्हां? ब्रदर ओकॉनेल यांनीं १९८९ पासून शाळेच्या सुटींत तरुण धांवपटूंचीं शिबिरें भरविण्यास आरंभ केला व त्यांत मुलींसही घेतलें. सुटींतच शिबिर असल्यानें अभ्यास बुडत नसे. एडना किप्लागाट अशाच शिबिरांतून पुढें आली. मुलांबाळांची आई असतां २०११ व २०१३ अशीं दोन वेळां ती मॅरेथॉनमध्यें जगज्जेती झाली. जॅनेथ जेपकोसगेई हीही त्यांचीच शिष्या; २००७ सालीं ८०० मीटरमध्यें ती जगांत पहिली आली.

त्यांची शिकविण्याची रीत पाहून नवख्यास नवल वाटतें. वेगापूर्वीं ते सावकाश धांवणें शिकवितात. मान, खांदे, हात व पाऊल यांचें वळण सुधारण्यासाठीं साधे व्यायाम पुनःपुन्हा करवून घेतात. डेव्हिड रुडिशा हा मासाई मुलगा ४०० मीटर धांवण्याच्या इच्छेनें त्यांच्याकडे आला. त्याच्या वडिलांनीं १९६८ सालीं रिले शर्यतींत रौप्यपदक मिळविलें होतें. ब्रदरांनीं त्यास ८०० मीटरकडे वळविलें. २००९ सालीं बर्लिन येथें तो उपान्त्य फेरींतच बाद झाला. गुरूंनीं शिष्य बदलला नाहीं, शिष्यानें गुरु बदलला नाहीं. पुढल्याच वर्षीं एका आठवड्यांत दोनदां त्यानें जागतिक उच्चांक मोडला आणि ९ ऑगस्ट २०१२ रोजीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धांवून स्वतःचाच उच्चांक मागें टाकला.

शर्यतींत पैसा आला तेव्हांपासून इतेनचें रूप पालटलें. देशोदेशींचे धांवपटू सरावास तेथें येतात. आणि बक्षिसाच्या आशेनें शाळा सोडून धांवत सुटणारे तरुणही दिसतात, ज्यांतील फारच थोड्यांच्या हातीं कांहीं लागतें. ब्रदरांनीं शिष्यांच्या बक्षिसांतून स्वतःसाठीं वांटा घेतला नाहीं, म्हणून पोरास लवकर शर्यतीस उतरविण्याची घाई त्यांस कधीं नव्हती.

सेंट पॅट्रिक्स शाळेच्या आवारांत जगज्जेत्या विद्यार्थ्यांच्या नांवाचीं झाडें लावलेलीं आहेत. ज्यांस पदक मिळालें नाहीं अशा मुलांची संख्या अर्थातच कितीतरी पट मोठी. त्यांच्या नांवाचें झाड तेथें नाहीं. भूगोलाचे धडे मात्र त्यांनींही ब्रदरांपाशींच घेतले.