आधी अंदाज, मग हिरवा झेंडा

मुलांसाठीच्या स्क्रॅच या कोडिंग साधनावर चौरस काढणं त्यांना लवकर जमतं. १०० पावलं पुढे जा, ९० अंश वळ, हे चार वेळा कर. मग त्रिकोणाची पाळी येते. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे भूमितीत शिकलेलं असतं, म्हणून मुलं ९० च्या जागी ६० आणि चारच्या जागी तीन घालतात. कोड चालू करणारा हिरवा झेंडा दाबला की पडद्यावर उमटतो तो अर्धा षटकोन.

धोका त्या चुकीत नाही, तो तिच्यानंतर सुरू होतो. मुलं आकडे बदलत सुटतात: ७०, ९०, १००, १५०. कधीतरी १२० लागतं, त्रिकोण बंद होतो, टाळ्या पडतात, पुढचा धडा उघडतो. संगणकाचे तास घेताना मी हे वारंवार पाहिलं आहे. त्याच मुलांना नंतर पंचकोन काढायला सांगितला, तर आकड्यांची तीच धरपकड पहिल्यापासून सुरू होते. आकृती पूर्ण फिरून येताना एकूण ३६० अंश वळावं लागतं, त्याचे तीन भाग केले की १२० आणि पाच केले की ७२, ही गोष्ट त्यांच्या हाती लागलेलीच नसते. पडद्यावर काम पूर्ण दिसतं, शिकणं मात्र झालेलं नसतं.

या अडचणीवरचा उपाय जुना आहे. १९६७ साली सीमोर पेपर्ट, वॉली फ्यूर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा घडवली. तिच्यातलं, आज्ञेप्रमाणे चालत रेघ काढणारं कासव अडलं, तर पेपर्ट मुलांना स्वतःच कासव व्हायला सांगत. उठायचं, चालायचं, वळायचं. जमिनीवर त्रिकोण चालून पाहिला की कोपऱ्यावर आपण ६० अंशांपेक्षा बरंच जास्त वळतो, हे पायांनाच कळतं. स्क्रॅच २००७ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमधल्या मिचेल रेसनिक यांच्या गटाने सर्वांसाठी खुलं केलं आणि ते लोगोच्याच परंपरेतलं आहे. साधन सोपं आणि देखणं झालं, पण उठून चालण्याचा भाग अनेक वर्गांत मागे पडला.

नुसतं पाहून कळत नाही, हे संशोधनातूनही दिसलं आहे. क्रिस्तोफर हुंडहाउझन, सारा डग्लस आणि जॉन स्टास्को यांनी २००२ मध्ये अल्गोरिदमच्या चित्रदर्शनावरच्या २४ प्रयोगांचा आढावा घेतला. चित्र काय दाखवतं यापेक्षा विद्यार्थी त्याचा वापर कसा करतो याला जास्त महत्त्व आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून पहिला नियम: बटण दाबण्याआधी अंदाज वहीत लिहायचा. ब्रिटनमधल्या स्यू सेंटन्स यांनी मांडलेल्या ‘प्रिम’ पद्धतीचा क्रमही असाच आहे. अंदाज बांधा, चालवून पाहा, उलगडून पाहा, थोडा बदल करा आणि शेवटी स्वतःचं काही बनवा. कोऱ्या पडद्यासमोर मुलाला एकदम बसवू नये.

पायथन या कोडिंगच्या भाषेकडे वळल्यावर हा नियम आणखी उपयोगी पडतो. तीन ओळी द्याव्यात: अ = ५, ब = अ, अ = ७. आता ब किती? पुष्कळ मुलं ७ म्हणतात, कारण गणितात बरोबरचं चिन्ह दोन्ही बाजू कायमच्या समान ठेवतं. इथे ते फक्त त्या क्षणाची किंमत उचलून ठेवतं, म्हणून ब ५ च राहतो. फिलिप गुओ यांचं ‘पायथन ट्यूटर’ हे मोफत साधन एकेक ओळ चालवून हे दाखवतं. मात्र वहीत आधी ७ लिहिलेलं असेल, तरच पडद्यावरचा ५ लक्षात राहतो.

क्रमवारी शिकवताना सिंगापूरच्या स्टीव्हन हालिम यांचं ‘व्हिज्यूअल्गो’ चांगलं आहे. त्याआधी आठ मुलांच्या हातात आकड्यांचे पुठ्ठे द्यावेत आणि शेजाऱ्याशी तुलना करत त्यांना ओळीत लागू द्यावं. शेजाऱ्यांच्या तुलनेच्या या पद्धतीत, म्हणजे बबल सॉर्टमध्ये, आठ आकड्यांना जास्तीत जास्त २८ तुलना लागतात, सोळांना १२०. आकडे दुप्पट, मेहनत चौपटीहून जास्त. हे अंगाने अनुभवलं की पडद्यावरच्या हलणाऱ्या पट्ट्यांना अर्थ येतो.

संगणकाशिवाय घ्यायच्या अशा खेळांचा मोठा साठा न्यूझीलंडच्या टिम बेल आणि सहकाऱ्यांनी ‘सीएस अनप्लग्ड’ नावाने उभा केला. १, २, ४, ८, १६ ठिपक्यांच्या पाच पुठ्ठ्यांवर द्विमान संख्या शिकवता येतात. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकशास्त्राच्या संघटनेने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ सुरू केली. तिचा भरही विचारपद्धतीवर आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. तासाच्या मध्यात इंटरनेट जाईल असं धरूनच तयारी करावी. स्क्रॅचचं ॲप आधी उतरवून घेतलं की जोडणीशिवाय चालतं. स्क्रॅच वापरायला खातं लागत नाही, काम फाइल म्हणून संगणकावर साठवता येतं. खातं काढलंच, तर त्यात मुलाचं खरं नाव किंवा शाळेचं नाव घालू नये. एका संगणकावर दोन मुलं असतील, तर माउस ठरावीक वेळाने दुसऱ्याच्या हाती द्यायला लावावा, नाहीतर एकच मूल शिकतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंग आणलं आहे, त्यामुळे हे तास वाढत जाणार. शिक्षकांना विनंती एवढीच, की किती पातळ्या पूर्ण झाल्या हे मोजू नका. मुलाला विचारा, ‘आता हे बटण दाबलं तर काय होईल आणि का?’ त्याचं उत्तर ऐकून मगच पुढचा धडा उघडा.