त्यांची काठी म्हणजे कुणाची?

चि. सायलीस,


जर्मनचं ए-वन सुटलं, आता नर्सिंगसाठी बी-टूपर्यंत मजल मारायची, हे वाचून बरं वाटलं. पण 'माइन-डाइन' (माझं-तुझं) आणि मोडाल क्रियापदं ('शकणं', 'लागणं' वगैरे) अजून छळतात म्हणतेस. तू पाठवलेला वहीचा फोटो पाहिला. प्रत्येक जर्मन वाक्याखाली इंग्रजी लिहिलंयस, ते आधी बंद कर. इथे तुला मराठीच जास्त उपयोगी पडेल.

'तिची पिशवी', 'तिचा नवरा'. यातलं 'ति' आलं बाईवरून. 'ची' आणि 'चा' आले पिशवी आणि नवऱ्यावरून. जर्मनही हेच करतं. 'ईरे टाशे', 'ईअर मान': 'ईअर' बाईचं, पुढे लागलेला 'ए' पिशवीचा. इंग्रजीत हे शेपूटच नाही, म्हणून तिथून आलं की ते जाचक वाटतं. शब्दांची लिंगं मात्र मराठीतून उसनी घेऊ नकोस. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, पण काटा तिकडे स्त्रीलिंगी, 'माइने गाबेल', आणि सुरी नपुंसकलिंगी, 'माइन मेसर'. आणखी एक: 'माझा चमचा दे' म्हणताना आपला 'माझा' जागचा हलत नाही, जर्मनमध्ये कर्म झाल्याबरोबर 'माइनेन ल्योफेल' होतं. बदल होतो तो फक्त पुल्लिंगी एकवचनाला, बाकीचे निवांत.

खरा धोका आहे आपल्या आदरात. 'आजोबा आणि त्यांची काठी' असं आपण सहज म्हणतो. वॉर्डात त्याच सवयीनं अनेकवचनी 'ईअर' म्हटलंस, तर ऐकणारा काठी आजींची समजेल, नाहीतर आणखी कुणाकुणाची. आजोबा कितीही मोठे असोत, तिसऱ्या माणसाशी त्यांच्याबद्दल बोलताना पुरुषाचं 'झाइन'च. आदर दाखवायचा तो समोर बोलताना, 'झी' (आपण) आणि 'ईअर' (आपलं) वापरून. लिहिताना त्यांचं पहिलं अक्षर मोठं.

मोडालची रूपं पाठ करण्यात फार वेळ घालवू नकोस. 'इश कान' (मी शकतो), 'एअर कान' (तो शकतो): मी आणि तो यांचं रूप एकच, 'तो'ला नेहमीचा 'ट' लागत नाही. मोडाल दुसऱ्या जागी, मुख्य क्रियापद पार शेवटी. क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबायची सवय मराठी माणसाला आहेच.

अर्थ मात्र नीट घोट. ऑपरेशनच्या सकाळी पेशंटला काही खायचं नाही, हे सांगायचंय. इंग्रजीच्या 'मस्ट नॉट'वरून तू 'झी म्युसेन निश्ट्स एसेन' म्हणशील. त्याचा अर्थ होतो, 'खाल्लं नाहीत तरी चालेल'. तो बिचारा खुशाल ब्रेड खाईल आणि ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. मनाई करायची तर 'झी ड्युर्फेन निश्ट्स एसेन'. 'म्युसेन'ला नकार जोडला की सक्ती उठते, मनाई होत नाही.

डॉक्टरांचा निरोप द्यायला 'झोलेन': 'झी झोलेन फील ट्रिंकेन', म्हणजे भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. माझ्या मते नर्सला याच्याइतकं लागणारं क्रियापद दुसरं नाही, आणि वर्गात मुलं नेमकं तेच उरकून टाकतात. 'इश विल' (मला हवंच) घरच्यांसाठी ठेव. दुकानात 'इश म्योश्टे' (मला हवं होतं) म्हण, नाहीतर हट्टी दिसशील.

रविवारी फोन कर. मी पेशंट, तू नर्स. दहा मिनिटं, मध्ये इंग्रजी नाही.

तुझी,
मावशी